बेळगाव सीमाभागातून कायद्यात पीएचडी: नव्या संशोधकाने काय काय शिकून घ्यावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा कारवारकडील मराठी घरांतून कायद्यात पीएचडी करू पाहणारे बहुतेक जण दोन वाटांनी येतात. काही जण एलएलएम संपवून लगेच नोंदणी करतात. बरेच जण मात्र दहा-पंधरा वर्षे वकिली केल्यावर, किंवा विधी महाविद्यालयात शिकवत असताना पदोन्नतीसाठी पदवी हवी म्हणून येतात. दोघांचीही समजूत अशी असते की कोर्सवर्कमध्ये, म्हणजे नोंदणीनंतरच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात, संशोधन शिकवले जाईल. कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धतींची नावे आणि त्यांच्या व्याख्या कळतात, हे खरे आहे. पण निवाडा संशोधकाच्या नजरेने वाचणे, कन्नड उताऱ्यावरची नोंद कुणाला न विचारता लावणे, तळटीप अशी देणे की दुसऱ्याला ती उघडून पडताळता यावी, ही कामे हात बसल्याशिवाय येत नाहीत. तो हात बसवण्याचा क्रम अनुभवाने मला जसा सुचला, तसा पुढे मांडला आहे.

पहिली पायरी: विषयाआधी नियम वाचणे

कर्नाटकातील विधी महाविद्यालये २००९ मध्ये स्थापन झालेल्या हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. टिळकवाडीतील राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासूनचे असले तरी आपल्याकडील विद्यार्थ्याची पहिली चौकशी म्हणूनच हुबळीला होते. काही जण बेंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलकडे, तर काही कोल्हापूर-पुण्याकडेही पाहतात. विद्यापीठ कोणतेही असो, त्याचे पीएचडी नियम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांच्या चौकटीत असतात. ते मूळ विनियम कायद्याच्या विद्यार्थ्याने कलमवार वाचावेत. कार्यालयातील कारकुनाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

त्यांतील कामाच्या गोष्टी थोड्या आहेत. कोर्सवर्क धरून किमान मुदत ३ वर्षे आणि प्रवेशाच्या तारखेपासून कमाल ६ वर्षे असते. फेरनोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात, आणि महिलांना तसेच ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे असून त्यात संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्राचा समावेश असतो, आणि किमान ५५ टक्के गुण लागतात. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. सेवानिवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवे संशोधक घेता येत नाहीत. व्यवहारात खरी अडचण येते ती इथेच. प्रवेश परीक्षेचा अभ्यास सुरू करण्यापूर्वीच आपल्या विषयाच्या कोणत्या गाईडकडे जागा रिकामी आहे आणि त्यांच्या निवृत्तीला किती वर्षे आहेत, हे विचारून घ्यावे. तसे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

वकिली चालू ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी अर्धवेळ नोंदणी सोयीची ठरते. पूर्णवेळ नोंदणी आणि फेलोशिप घेऊन सनद चालू ठेवायची असेल, तर विद्यापीठाला आणि राज्य बार कौन्सिलला आधी लेखी विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

दुसरी पायरी: विषयाचा प्रश्न करणे

सीमाभागातील तरुणाला विषय विचारला की पहिले उत्तर ठरलेले असते: महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद, एक अभ्यास. हा विषय आपल्या घराघरांत बोलला गेला आहे, म्हणूनच तो सुरुवातीला टाळावा असे माझे मत आहे. महाराष्ट्राने संविधानाच्या अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला २००४ चा मूळ दावा क्रमांक ४ ज्या प्रश्नांवर उभा आहे, त्यांवर लिहिता येणार नाही असे नाही. पण नवखा संशोधक तिथे प्रबंधाऐवजी दाव्याचा मसुदा लिहू लागतो, आणि ते त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. उत्तर आपल्या मनाविरुद्ध आले तर ते आपण छापू का, असा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर द्यायला वेळ लागला तर विषय बदलावा.

सीमाभागाने विधी संशोधकाला जे दिले आहे ते इतर जिल्ह्यांना सहसा मिळत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तो चंदगड तालुका वगळून. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत एकाच जिल्ह्यात, एकाच मुंबई राज्याच्या कायद्यांखाली असलेली शेजारची गावे दुसऱ्या दिवशी दोन राज्यांत होती. त्या कायद्याच्या कलम ११९ ने पूर्वीचे कायदे सक्षम विधिमंडळाने बदल करेपर्यंत तसेच चालू ठेवले आणि नंतर प्रत्येक राज्याने ते आपापल्या गतीने बदलले. मूळ एक आणि फांद्या दोन, अशी तुलनेची तयार मांडणी आपल्या दाराशी आहे.

उदाहरणच घ्यायचे तर वेंगुर्ले रस्त्यावरील बाची आणि शिनोळी ही गावे पाहा. बाची बेळगाव तालुक्यात, शिनोळी चंदगडमध्ये. शिनोळीत शेतजमीन घेणारा माणूस शेतकरी आहे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ खाली आजही विचारला जातो. बाचीत तोच प्रश्न कर्नाटक जमीन सुधारणा कायदा १९६१ च्या कलम ७९अ आणि ७९ब खाली विचारला जात असे, आणि २०२० च्या दुरुस्तीने ती कलमे वगळण्यात आली. आता ‘सीमाभागातील जमीन कायदे’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘२०२० नंतर बेळगाव तालुक्यात बिगरशेतकऱ्यांच्या नावे झालेली खरेदीखते चंदगडच्या तुलनेत कोणत्या प्रकारच्या जमिनींची आहेत’ हा प्रश्न आहे, कारण त्याला लागणारे कागद कोणते, ते कुठे मिळतील आणि उत्तर चुकीचे ठरू शकते का, हे तिन्ही त्यातूनच कळते. सिनॉप्सिस, म्हणजे नियोजित संशोधनाचा आराखडा, लिहिण्यापूर्वी आपला विषय या तीन कसोट्यांवर घासून पाहावा.

तिसरी पायरी: चार लिप्यांची तयारी

या पायरीवर मी इतरांपेक्षा जास्त भर देतो, कारण आपल्याकडचे प्रबंध इथेच उणे पडतात. उच्च न्यायालयाचे निवाडे इंग्रजीत असतात. तालुक्याच्या कचेरीतील आणि खालच्या न्यायालयातील आजचे कागद मुख्यतः कन्नडमध्ये असतात. १९५६ पूर्वीचे बरेच कागद मराठीत सापडतात, आणि त्याहून जुने खत, वतनाचे कागद किंवा दफ्तर मोडीत असते. मराठी माध्यमात शिकलेला आपला विद्यार्थी यांपैकी दोनच वाटांनी चालतो आणि कन्नड कागद कुणा परिचिताकडून वाचून घेतो.

त्याचा परिणाम मी स्वतः भोगला आहे. पहिल्या वर्षी मी एका जुन्या वादातील जमिनीचे उतारे गोळा करत होतो. कन्नड अक्षरे जुळवता येत होती, पण अंकांकडे मी लक्ष दिले नव्हते. हाताने लिहिलेल्या कन्नडमध्ये सहा आणि नऊ हे अंक एकमेकांसारखे दिसतात. मी सर्व्हे नंबर ६९ ऐवजी ९६ असा उतरवून घेतला आणि तीन आठवडे भलत्याच जमिनीच्या फेरफार नोंदी काढत बसलो. शेवटी रेकॉर्ड रूममधील वयस्क शिरस्तेदारांनी सहज चौकशी केली, माझ्या वहीकडे पाहिले आणि मूळ उताऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘हे सहा आहे, साहेब, शेपूट कुठे वळलंय ते बघा.’ त्या दिवसापासून मी कन्नड अंक आधी शिकावेत असे प्रत्येकाला सांगतो. अंक एका संध्याकाळी येतात. पुढे रोज एक कन्नड उतारा मोठ्याने वाचला तर दोन-तीन महिन्यांत महसुली कागदाची ठरावीक भाषा नजरेला सवयीची होते, कारण त्या कागदांत तेच तीस-चाळीस शब्द फिरून फिरून येत असतात.

मोडीसाठी महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे प्रशिक्षण वर्ग भरतात, आणि कोल्हापूरचे पुराभिलेखागार आपल्याला जवळ आहे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने जिल्ह्यासंबंधी शासकीय पातळीवरचे जुने कागद मुंबईच्या पुराभिलेखागारातही शोधावे लागतात. बेंगळूरपुरता शोध थांबवणारा संशोधक अर्धा पुरावा मागे ठेवून येतो.

कर्नाटकातील कायदे वाचताना आणखी एक खाच ध्यानात ठेवावी. अनेक अधिनियमांत ‘बेळगाव एरिया’ हा शब्दप्रयोग येतो, आणि नवा वाचक तो आजचा बेळगाव जिल्हा समजतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ मुंबई राज्यातून आलेला सगळा प्रदेश असा असतो, म्हणजे विजापूर, धारवाड आणि कारवारकडील भागही त्यात येतो. कायद्यातील शब्दाचा अर्थ त्याच कायद्याच्या व्याख्येतून किंवा सामान्य वाक्खंड अधिनियमातून (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) घ्यावा, नकाशावरून घेऊ नये. तसेच अधिनियमाचा कन्नड मजकूर आणि राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद यांत फरक वाटला, तर अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे इंग्रजी मजकूर अधिकृत मानला जातो. हा फरक कुठे आढळला तर तळटीपेत अवश्य नोंदवावा, कारण अशा तळटीपेतूनच कधी कधी प्रबंधाचे एखादे प्रकरण निघते.

चौथी पायरी: निवाडा वाचण्याचा हात

वकील निवाड्यात आपल्या अशिलाला उपयोगी पडेल ते शोधतो. संशोधकाला तो निवाडा कोणत्या कारणावर उभा आहे आणि ते कारण दुसऱ्या वस्तुस्थितीवर कितपत टिकेल, हे शोधायचे असते. वकिलीतून आलेल्यांना ही सवय मोडायला अधिक वेळ लागतो, मलाही लागला.

सरावासाठी भाषिक अल्पसंख्याकांसंबंधीचे तीन निवाडे एकत्र घ्यावेत. टी.एम.ए. पै फाउंडेशन विरुद्ध कर्नाटक राज्य, (२००२) ८ एससीसी (‘सुप्रीम कोर्ट केसेस’ हे निवाड्यांचे वृत्त) ४८१, यात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने अल्पसंख्याकत्व राज्याच्या पातळीवर मोजावे असे ठरवले. कर्नाटकातील मराठी भाषक त्यामुळेच भाषिक अल्पसंख्याक ठरतात. उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य, (२००४) ६ एससीसी २६४, यात महाराष्ट्रातील भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा करणे न्यायालयाने मान्य केले. कर्नाटक राज्य विरुद्ध इंग्रजी माध्यम शाळांच्या व्यवस्थापनांची संघटना, (२०१४) ९ एससीसी ४८५, यात घटनापीठाने प्राथमिक शिक्षणाचे माध्यम म्हणून मातृभाषेची सक्ती राज्याला करता येणार नाही असे म्हटले.

हे तीन निवाडे शेजारी ठेवले की पहिली गोष्ट दिसते ती अशी की माध्यमाची सक्ती आणि विषयाची सक्ती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरी गोष्ट आपल्याला थोडी बोचते: महाराष्ट्रात मराठीच्या बाजूने ठरलेला उषा मेहता निवाडा, कर्नाटकाच्या २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन अधिनियमाचा प्रश्न निघाल्यास, बेळगावच्या मराठी शाळांसमोर कन्नडच्या बाजूने वाचला जाऊ शकतो. जो संशोधक हे प्रबंधात स्वतःहून लिहितो आणि मग दोन्ही परिस्थितींत फरक आहे की नाही हे तपासतो, त्याचे लिखाण परीक्षक गांभीर्याने घेतात. जो ते झाकतो, त्याला तोंडी परीक्षेत तोच प्रश्न विचारला जातो.

वाचताना प्रत्येक निवाड्याची एका पानाची नोंद करावी. वर न्यायालय, तारीख, पीठातील न्यायमूर्तींची संख्या आणि संदर्भ लिहावा. त्याखाली वस्तुस्थिती पाच ओळींत. मग न्यायालयापुढील प्रश्न न्यायालयाच्याच शब्दांत आणि परिच्छेद क्रमांकासह. मग निर्णयाचा आधार आपल्या शब्दांत. आणि शेवटी, जाता जाता व्यक्त झालेली मते वेगळ्या शाईने. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांत दोन्ही बाजूंच्या वकिलांचे म्हणणे पानेच्या पाने उतरवलेले असते. माझ्या एका सुरुवातीच्या लेखात मी अशा पानावरचे वाक्य न्यायालयाचे मत म्हणून उद्धृत केले होते. ते खरे तर हरलेल्या बाजूच्या वकिलांचे म्हणणे होते. तेव्हापासून वाक्य कुणाच्या तोंडचे आहे हे समासात लिहिल्याशिवाय मी ते नोंदीत घेत नाही. निवाड्याच्या वर छापलेल्या शीर्षटिपणीवरून (हेडनोट) तर कधीच काही उद्धृत करू नये, कारण ती संपादकाची असते.

निवाडे मिळवण्याची अडचण आता फारशी उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत वृत्त ई-एससीआर या संकेतस्थळावर २०२३ पासून विनामूल्य पाहता येते आणि तटस्थ संदर्भ क्रमांकही दिलेले असतात. मात्र कोणताही निवाडा वापरण्यापूर्वी तो पुढे उलटवला गेला आहे का, हे शोधून पाहावे, आणि एआय साधनाने सुचवलेला निवाडा मूळ वृत्तात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय प्रबंधाच्या जवळही येऊ देऊ नये. ही साधने अस्तित्वातच नसलेले निवाडे पक्षकारांच्या नावांसकट छातीठोकपणे सांगतात.

पाचवी पायरी: गावात आणि कचेरीत

क्षेत्रकार्याची पद्धत पुस्तकात वाचून समजते, पण प्रश्नावली मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे तयार ठेवावी लागते आणि प्रश्न दोन्ही भाषांत एकच अर्थ देतो का, हे दोन्ही भाषा जाणणाऱ्याकडून उलट भाषांतर करवून तपासावे लागते, ही गोष्ट आपल्या भागातच कळते. ‘तुमची जमीन कुळाची आहे का’ असे विचारले तर जुनी माणसे सावध होतात आणि बोलणे आवरते घेतात. ‘ही जमीन तुमच्याकडे कधीपासून आहे’ असे विचारले तर बोलत राहतात. मुलाखतीपूर्वी लेखी संमती घ्यावी, नाव गाळण्याचे वचन द्यावे आणि ते पाळावे.

कचेरीतून माहिती मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज हा संशोधकाचा मोठा आधार आहे. अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लिहिण्याची अट कर्नाटकाच्या नियमांतही आहे आणि महाराष्ट्राच्या नियमांतही. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकच नेमका अर्ज पाठवण्याचा सराव करता येतो. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की अर्ज परत येतो. नोंदवहीचे नाव, वर्ष आणि गाव लिहिले की बहुधा उत्तर येते.

धारवाडच्या उच्च न्यायालय खंडपीठात आणि २०२५ च्या ऑगस्टपासून सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचमध्ये वर्षातून काही दिवस केवळ ऐकायला बसावे. दोन्हीकडे एका दिवसात जाऊन येता येते, आणि एकाच प्रकारचा जमिनीचा वाद दोन न्यायालयांत कसा मांडला जातो हे ऐकण्यासारखे शिक्षण कोणत्याही कार्यशाळेत मिळत नाही.

सहावी पायरी: लिहिणे

प्रबंध इंग्रजीत लिहायचा असला तरी विचार मराठीत चालत असेल तर त्याची लाज बाळगू नये. प्रत्येक प्रकरणाचा सांगाडा आधी मराठीत दोन पाने लिहावा. जिथे मराठीत युक्तिवाद अडखळतो तिथे इंग्रजीने तो झाकला जातो, सुटत नाही. मराठी किंवा कन्नड कागदातील उद्धरण मूळ भाषेत देऊन खाली आपला अनुवाद द्यावा आणि अनुवाद आपला आहे हे स्पष्ट लिहावे.

तळटिपांसाठी इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची किंवा विद्यापीठ सांगेल ती पद्धत पहिल्या दिवसापासून पाळावी. संदर्भ जुळवणारे झोटेरोसारखे विनामूल्य साधन कोर्सवर्कच्या काळातच शिकून घ्यावे. चौथ्या वर्षी चारशे तळटिपा नव्याने जुळवत बसलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे.

आयोगाचे वाङ्मयचौर्यासंबंधीचे २०१८ चे विनियम १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड लावत नाहीत. १० ते ४० टक्क्यांपर्यंत सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रत सादर करता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. परंतु टक्केवारी सांभाळण्यासाठी शब्द फिरवत बसणे हे संशोधन नव्हे. कायद्याचा मजकूर अवतरणचिन्हांत जसाच्या तसा द्यावा, आणि इतर लेखकाचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडला तरी त्याला श्रेय द्यावे.

२०२२ च्या विनियमांनी प्रकाशित लेखाची सक्ती काढली आहे आणि आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये थांबवली आहे. तरीही निदान एक लेख चांगल्या नियतकालिकाला पाठवावा, कारण अनोळखी परीक्षकाचे लेखी शेरे वाचण्याची सवय तोंडी परीक्षेपूर्वी लागलेली बरी. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्यांपासून दूर राहावे.

सातवी पायरी: शिकवणे, समिती आणि शेवटचे सहा महिने

संशोधकाने अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यावे असे विनियम सांगतात, आणि त्याला आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम देता येते. संधी मिळाली तर ती घ्यावी. संशोधन सल्लागार समितीपुढे प्रत्येक सत्रात उभे राहावे लागते. तिथे केलेल्या कामाची यादी वाचून दाखवण्यापेक्षा न सुटलेला एक प्रश्न न्यावा, म्हणजे चर्चा होते. समितीने आणि गाईडनी तोंडी सांगितलेले बदल त्याच संध्याकाळी ईमेलने लिहून कळवावेत. गाईड बदलले किंवा रजेवर गेले तर हाच पत्रव्यवहार कामी येतो.

प्रबंध गाईडव्यतिरिक्त किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो आणि मूल्यमापनानंतर शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर सर्वांना वाचायला मिळतो. म्हणून सादर करण्यापूर्वी शोधगंगावरील आपल्या विषयाचे चार-पाच जुने प्रबंध काढून त्यांची संदर्भसूची आपल्या सूचीशी ताडून पाहावी. दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात, त्यांतील एक घराबाहेर. नकला, संमतिपत्रे, माहिती अधिकारातील उत्तरे आणि मूळ उताऱ्यांची छायाचित्रे प्रकरणवार फायलींत लावून तोंडी परीक्षेच्या दिवशी सोबत न्यावीत. तळटिपेतील सर्व्हे नंबर ६९ आहे की ९६, असे कुणी विचारलेच तर मूळ पान काढून समोर ठेवता येते.